रंग सगळ्यात शेवटी

जुनी स्पोर्ट्स कार म्हटलं की डोळ्यांपुढे एमजी, ट्रायम्फ, जॅग्वार अशी विलायती नावं येतात. राहाता तालुक्यात मात्र वस्तीवरच्या शेडमध्ये किंवा जुन्या वाड्याच्या पडवीत ताडपत्रीखाली एखादी गाडी सापडलीच, तर ती बहुधा कुर्ल्यात बनलेली फियाट असेल. म्हणजे १९५०च्या दशकातली गोलमटोल ‘डुक्कर फियाट’, १९६४ पासूनची ‘डिलाइट’, किंवा तिचीच पुढची आवृत्ती ‘प्रीमियर पद्मिनी’. या प्रकरणात अशा गाडीच्या नव्या मालकाशी बोलायचं आहे. आपल्या हाती स्पोर्ट्स कार आली नाही म्हणून त्याने हिरमुसण्याचं कारण नाही, कारण पद्मिनीच्या बॉनेटखाली जे इंजिन आहे त्याचं घराणं शर्यतीचंच आहे.

फियाटने १९३७ साली ‘५०८ सी’ नावाची गाडी काढली. तिचं इंजिन १०८९ सीसीचं, सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर आणि स्ट्रोक ७५ मिलिमीटर. अल्फा रोमिओ सोडल्यावर एन्झो फेरारी यांनी १९४० मध्ये स्वतःची पहिली गाडी उभी केली, तीही याच ५०८ सीचे सुटे भाग घेऊन. महायुद्धानंतर तुरीनच्या पिएरो दुसिओ यांच्या ‘सिसिटालिया’ कंपनीने हेच १०८९ सीसीचं इंजिन सुधारून आपल्या ‘२०२’ गाडीत बसवलं. त्या गाडीत बसून तात्सिओ नुवोलारी १९४७ च्या मिल्ले मिलिया शर्यतीत दुसरे आले. पिनिन फरीना यांनी आखलेली २०२ ची बॉडी इतकी सुरेख होती की न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९५१ च्या मोटारींच्या प्रदर्शनात ती मांडली आणि पुढे कायमच्या संग्रहातही घेतली.

त्याच मापाचं इंजिन आपल्याकडे आलं ते वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समुळे. सोलापूरचे वालचंद म्हणजे रावळगाव आणि वालचंदनगर इथे साखर कारखाने उभे करणारा माणूस. उसाच्या मुलखाला मोटारीच्या कारखान्याशी जोडणारं नातं असं पहिल्यापासूनचं आहे. कुर्ल्यातून फियाट ११०० निघाली, १९७०च्या दशकात ती आधी ‘प्रेसिडेंट’ आणि मग ‘पद्मिनी’ झाली. शतक संपेपर्यंत ती बनत होती. मुंबईत टॅक्सी म्हणून ती ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावली.

गाडी अशी लाखमोलाच्या घराण्यातली असली, तरी ती पुन्हा रस्त्यावर आणणं हे शिस्तीचं काम आहे. नवा मालक बहुतेक वेळा उलट्या टोकाने सुरुवात करतो. गाडी दारात आली की तिला आधी चकचकीत रंग द्यावासा वाटतो. मग इंजिन उतरवताना रंगावर ओरखडे पडतात. ब्रेकचं ऑइल सांडून रंग उकलतो. सहा महिन्यांनी दाराच्या खालच्या कडेला फोड येतात, कारण गंज आतच राहिलेला असतो. पैसे संपतात आणि गाडी पुन्हा ताडपत्रीखाली जाते. अर्धवट सोडलेल्या कित्येक गाड्यांची हीच कहाणी आहे. म्हणून क्रम एकदा ठरवून घ्या: आधी कागद, मग पत्रा, मग ब्रेक, मग इंजिन, मग वायरिंग आणि सगळ्यात शेवटी रंग. या प्रकरणातला पुढचा सगळा सल्ला या क्रमावर उभा आहे.

कागद

सौद्याआधी बॉनेट उघडा आणि चेसिस नंबर व इंजिन नंबर स्वतःच्या डोळ्यांनी आरसी बुकाशी ताडून पाहा. नंबरावर गंज असेल तर रॉकेल आणि मऊ ब्रशने तो हळूच काढा. तिथे ग्राइंडर किंवा पॉलिश पेपर लावू नका. घासलेला नंबर आरटीओच्या नजरेत संशयास्पद ठरतो आणि नंतर त्याचा खुलासा करणं फार अवघड जातं. आरसीवर जुन्या कर्जाचा बोजा आहे का, मालक हयात नसतील तर वारसांची संमती आहे का, हेही पाहा. गावाकडे गाडी अनेकदा आजोबांच्या नावावर राहिलेली असते आणि ती विकणारा नातू असतो. अशा वेळी मालकाच्या मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची कागदपत्रं आधी गोळा करायला सांगा. पैसे त्यानंतर द्या.

राहाता तालुका श्रीरामपूरच्या आरटीओ कार्यालयाखाली, म्हणजे एमएच-१७ मध्ये येतो. गाडी मुंबई, पुणे किंवा नाशिकची असेल तर तिथल्या कार्यालयाची ना-हरकत लागते आणि त्यासाठीचा फॉर्म २८ आहे. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०, तर पंधरा वर्षांनंतरच्या नूतनीकरणाला फॉर्म २५. खासगी गाडीचं हे नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी होतं. फीचे आकडे सरकार अलीकडे वरचेवर बदलतं, म्हणून त्या दिवशीचा आकडा कार्यालयातूनच घ्या.

पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटली असतील तर दुसरी वाट आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम लागू केले. गाडी मूळ रूपात असावी, चेसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार केलेला नसावा, ही त्यांतली मुख्य अट. नोंदणी दहा वर्षांची असते. पहिल्यांदा वीस हजार रुपये आणि नूतनीकरणाला पाच हजार रुपये फी ठरवलेली आहे. राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ असलेला वेगळा नंबर मिळतो. पण अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्याच कारणांसाठी रस्त्यावर आणता येते. रोज बाजारात जायला किंवा लग्नात भाड्याने द्यायला ती चालत नाही. १९७४-७५ ची पद्मिनी आता पन्नाशीला पोचली आहे, तेव्हा तिच्या मालकाने काम सुरू करण्याआधीच ठरवावं की गाडी वापरायची आहे की मिरवायची. तिच्यात दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवलं की व्हिंटेजचं दार बंद होतं. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे मूळ बनावटीत मनाप्रमाणे बदल करायला तशीही मनाई आहे.

पत्रा

गाडी कुठे उभी होती, यावर तिची किंमत ठरवा. कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात आयुष्य काढलेल्या गाडीचा पत्रा खाऱ्या दमट हवेने आतून पोखरलेला असतो. आपला भाग पर्जन्यछायेतला आहे. इथे वर्षानुवर्षं शेडखाली राहिलेली गाडी रंगाने फिकट, काचेने धुरकट, पण पत्र्याने मजबूत सापडू शकते. चकचकीत मुंबईची आणि मळकट राहात्याची अशा दोन फियाट समोर असतील तर मळकट घ्या. इंजिन दुरुस्त करणारे लेथवाले तालुक्याच्या गावी मिळतात. कुजलेलं फ्लोअर नीट बनवणारा कारागीर शोधायला मात्र फार फिरावं लागतं.

कोरड्या मुलखातही दोन गोष्टी पत्र्याला मारतात. पहिली म्हणजे काळी जमीन. पावसाळ्यात ती पाणी धरून ठेवते आणि ओल महिनोन्महिने वर येत राहते. अशा जमिनीवर उभी असलेली गाडी वरून कोरडी दिसते, पण फ्लोअर खालून कुजत असतं. दुसरी गोष्ट म्हणजे शेजारचा गोठा. जनावरांच्या मूत्रातून अमोनिया निघतो आणि तो तांब्या-पितळेला घातक असतो. याचा धडा ब्रिटिश लष्कराला हिंदुस्थानातच मिळाला होता. पावसाळ्यात तबेल्यांमध्ये साठवलेली पितळी काडतुसं काहीही न होता आपोआप तडकत. घोड्यांच्या मूत्रातला अमोनिया, ओली हवा आणि पितळ ठोकून आकार देताना त्यात राहिलेला ताण या तिघांमुळे हे होतं, असं १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झालं. जुन्या गाडीचा रेडिएटर तांब्या-पितळेचाच असतो. गोठ्याच्या भिंतीला लागून गाडी ठेवू नका आणि तशी ठेवलेली गाडी घेताना रेडिएटर गळतो का ते आधी पाहा.

तपासणीला लोहचुंबक आणि मऊ कापड एवढं पुरतं. कापडात गुंडाळलेलं चुंबक पत्र्यावरून फिरवा. ते जिथे चिकटत नाही तिथे लांबी भरलेली आहे. मग मॅट काढून फ्लोअर, दारांखालच्या लांब पट्ट्या, डिकीतली स्टेपनीची खोलगट जागा, हेडलाइटभोवतीची कड आणि समोरच्या काचेखालचा भाग बोटाने दाबून पाहा. फियाट ११०० ला वेगळी चेसिस नाही. तिची बॉडी हाच तिचा सांगाडा आहे, त्यामुळे फ्लोअर आणि दारांखालच्या पट्ट्या गाडीचं वजन पेलतात. त्या बदलायच्या झाल्या तर आधी दारांच्या चौकटीत आडव्या लोखंडी पट्ट्या वेल्ड करून आधार द्या आणि एका वेळी एकच बाजू कापा. दोन्ही बाजू एकदम कापल्या तर बॉडी मधोमध वाकते. मग दारं कधीच नीट लागत नाहीत.

तुमच्या हाती फियाटऐवजी मद्रासची ‘स्टँडर्ड हेरल्ड’ आली असेल तर हिशेब वेगळा. १९६१ पासून तिथे बनलेली ही ट्रायम्फ हेरल्डची भारतीय आवृत्ती. तिला वेगळी चेसिस आहे आणि तीच चेसिस आखूड करून ट्रायम्फने ‘स्पिटफायर’ ही आपली लोकप्रिय स्पोर्ट्स कार बनवली. दोन्हींची बॉडी इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्ती यांनी आखली. म्हणून इंग्लंडमध्ये स्पिटफायरसाठी आजही नव्याने बनणारे बरेच सुटे भाग हेरल्डच्या मालकाच्या उपयोगी पडतात. हेरल्डमध्ये चेसिसच्या बाहेर निघालेले आडवे हात कुजतात, तपासणी तिथून सुरू करा. ज्यांना गंजाचा धसकाच आहे त्यांच्यासाठी फायबर बॉडीच्या देशी स्पोर्ट्स गाड्याही आहेत: गोव्याची रेनो इंजिनची ‘सॅन स्टॉर्म’ आणि अलिबागजवळ बनलेली ‘चिंकारा’ रोडस्टर, जिला ॲम्बॅसॅडरचं १.८ लिटरचं इसुझू इंजिन होतं. त्यांतही बॉडी गंजत नाही एवढंच. खालचा लोखंडी सांगाडा गंजतोच.

काहीही खोलण्यापूर्वी फोटो काढा. प्रत्येक नट-बोल्टची वेगळी पिशवी करा आणि तिच्यावर जागा लिहा. एक वही ठेवून तारीख, काम, खर्च आणि सुटा भाग कुठून आणला हे तिच्यात टिपा. सगळी गाडी एकदम खोलू नका. एक विभाग खोला, पुरा करा, बसवा, मग पुढचा घ्या. खोलायला चार दिवस लागतात आणि जोडायला दोन वर्षं, हे जाणकार मिस्त्री उगाच सांगत नाहीत. मूळ रंग आणि मूळ सीट चांगल्या अवस्थेत असतील तर ते बदलण्याआधी नगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये एक चक्कर मारा. लष्कराच्या आर्मर्ड कोअरने १९९४ मध्ये उभ्या केलेल्या या संग्रहात जुन्या रणगाड्यांबरोबर रोल्स-रॉइसची चिलखती गाडीही आहे. जुनं यंत्र आहे तसं जपण्यातही किती अर्थ असतो, हे तिथे उभं राहिल्यावर कळतं.

ब्रेक

इंजिन सुरू करण्याची घाई प्रत्येकाला असते. पण जी गाडी थांबत नाही ती सुरू करून उपयोग नाही. फियाटला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि ऑइलची एकच लाइन चौघांना पुरवते. त्या लाइनमध्ये कुठेही गळती झाली की चारही ब्रेक एकदम जातात. त्यामुळे जुनं रबर ठीक दिसतं म्हणून ठेवण्याचा मोह टाळा. मास्टर सिलिंडर आणि चारही व्हील सिलिंडरची किटं बदला, लवचीक होज नवे घाला, गंजलेले पाइप बदला. सिलिंडरच्या आत गंजाचे खड्डे पडले असतील तर नव्या किटचं रबर काही दिवसांतच कापलं जातं. तिथे लेथवर स्लीव्ह घालून घ्यावी लागते.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. ओलाव्याने त्याचा उकळण्याचा बिंदू खाली येतो आणि घाटात सतत ब्रेक दाबल्यावर पेडल थेट तळाशी जातं. म्हणून ते दर दोन वर्षांनी बदला. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक आहे. ड्रम उघडल्यावर धूळ हवेच्या पाइपाने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या. गाडीखाली शिरताना नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नका. सपाट सिमेंटच्या जागेवर लोखंडी घोड्या लावूनच खाली जा. टायरची नक्षी कितीही चांगली दिसली तरी बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा. पहिले दोन आठवडा सांगतात आणि नंतरचे दोन वर्ष. तसे आकडेच नसतील तर टायर त्या पद्धतीच्याही आधीचा आहे. दहा वर्षांवरचा टायर शेडमधून बाहेर काढण्यापुरता ठीक, हायवेवर नको.

इंजिन

अनेक वर्षं बंद असलेलं इंजिन धक्का मारून सुरू करणं हा सगळ्यात महागडा प्रयोग आहे. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजाने चिकटलेल्या असतात आणि जोर लावला की त्या तुटतात. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात थोडं पातळ ऑइल सोडा आणि काही दिवस थांबा. मग टॉप गिअर टाकून गाडी हळूच मागे-पुढे सरकवा. इंजिन मोकळं फिरू लागलं की जुनं ऑइल काढा, फिल्टर बदला, नवीन ऑइल भरा आणि प्लग न लावता सेल्फने ते फिरवा. ऑइलचा दाब आलेला दिसल्यावरच प्लग लावा. त्यानंतर चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. चारही आकडे जवळपास सारखे असले तर इंजिन न खोलता बरंच चालू शकतं. एखादाच खूप कमी असेल तर त्याच सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर दोष रिंगांत, नाही वाढला तर व्हॉल्व्हमध्ये. या एका चाचणीने हजारो रुपयांचं अनावश्यक बोअरिंग टळतं.

आपल्या हवेत फियाटचा खरा शत्रू म्हणजे उष्णता. ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं, त्यामुळे गाडी एकदा जरी उकळली तरी हेड वाकतं आणि गॅस्केट जातं. राहात्यात उन्हाळ्यात पारा चाळीशी ओलांडतो. त्यात बोअरचं पाणी क्षारयुक्त. ते रेडिएटरमध्ये भरलं की पितळी नळ्यांमध्ये आणि ब्लॉकच्या आत पांढरे थर जमतात, पाण्याची वाट अरुंद होते आणि गाडी शिर्डीला पोचेपर्यंत काटा लाल खुणेवर जातो. रेडिएटर काढून कारागिराकडून आतून साफ करून घ्या, ब्लॉक दोन्ही दिशांनी पाण्याने धुऊन काढा आणि मग शुद्ध केलेलं पाणी व कूलंट यांचंच मिश्रण भरा. थर्मोस्टॅट काढून टाकण्याची सवय आपल्याकडे रुळली आहे. त्याने हिवाळ्यात इंजिन गरमच होत नाही आणि सिलिंडर लवकर झिजतात. नवा थर्मोस्टॅट बसवा.

शिसंयुक्त पेट्रोल देशात २००० साली बंद झालं. ते शिसं एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीचं रक्षण करत असे. ॲल्युमिनियम हेडमध्ये कडक धातूच्या बैठका बाहेरून बसवलेल्या असतात, म्हणून फियाटवाल्याला याची फारशी चिंता नको. बिडाचं हेड असलेल्या हेरल्डच्या मालकाने मात्र हेड उघडेल तेव्हा कडक बैठका घालून घ्याव्यात.

उसाचं पेट्रोल

आता त्या गोष्टीकडे येऊ, जी १९७० सालच्या कुठल्याही मेकॅनिकला माहीत असण्याचं कारण नव्हतं. शेजारी लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केलेला प्रवरेचा सहकारी साखर कारखाना १९५० मध्ये सुरू झाला आणि या मुलखाचं अर्थकारण उसाभोवती फिरू लागलं. आज त्या उसापासून साखरेबरोबर इथेनॉलही बनतं आणि ते पेट्रोलमध्ये मिसळलं जातं. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल २०२३ मध्ये निवडक पंपांवर आलं आणि २०२५ पर्यंत देशभर पसरलं. ऊस उत्पादकाच्या घरची जुनी फियाट असेल तर तिच्या टाकीत त्याच्याच शिवारातलं पीक येऊन पोचलेलं असू शकतं. शेतकऱ्याला त्यातून मिळणारा आधार मोलाचा आहे. पण पन्नास वर्षांपूर्वीचं रबर या इंधनासाठी बनलेलं नव्हतं, हे मालकाने ओळखून वागायला हवं.

इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं आणि ठिसूळ करतं. पेट्रोलचे होज, यांत्रिक पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरमधली गॅस्केटं यांना पहिला फटका बसतो. गरम इंजिनवर होज फाटला तर गाडी पेटू शकते. म्हणून पेट्रोलच्या मार्गातला प्रत्येक होज फ्लुओरो-रबराचा घाला आणि दुकानदाराकडे इथेनॉलला टिकणारा होज असंच स्पष्ट मागा. पंपाचा पडदाही तशाच रबराचा निवडा. इथेनॉल टाकीतला जुना चिकट थर सोडवून पुढे ढकलतं, त्यामुळे टाकी उतरवून आतून साफ करा आणि पंपाआधी एक पारदर्शक फिल्टर बसवा. रिकामी दिसणारी टाकीही पेट्रोलच्या वाफेने भरलेली असते. ती वेल्डिंगवाल्याकडे तशीच नेली तर स्फोट होतो. या कामात अनुभव असलेल्या कारागिराकडेच ती द्या.

इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो. त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण पातळ पडतं, चढावर गाडी अडखळते आणि इंजिन जास्त तापतं. प्लगचं टोक पांढुरकं दिसू लागलं तर कार्ब्युरेटरचा मुख्य जेट एका मापाने मोठा करून पाहा. आणखी एक खोड म्हणजे इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. गाडी पावसाळाभर उभी राहिली आणि ओलावा हद्दीबाहेर गेला की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन टाकीच्या तळाशी बसतं आणि पत्रा आतून गंजतो. महिन्याहून अधिक गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवा.

वायरिंग

शेतातल्या शेडमध्ये उंदीर वायर खातातच. जागोजागी टेप लावून जोडलेली वायरिंग ठेवू नका, पूर्ण नवा हार्नेस बनवून घ्या. त्याच मापाच्या आणि त्याच रंगाच्या वायर वापरल्या तर पुढच्या वायरमनला नकाशा वाचता येतो. बॅटरीजवळ एक कट-ऑफ स्विच बसवा आणि गाडी उभी केली की तो बंद करा. हेरल्डसारख्या जुन्या इंग्लिश गाड्यांमध्ये बॅटरीची धन बाजू बॉडीला जोडलेली असे, म्हणून बॅटरी लावण्याआधी खात्री करा. उलटी जोडणी झाली तर अल्टरनेटर आणि नव्याने बसवलेलं कुठलंही इलेक्ट्रॉनिक उपकरण क्षणात जळतं. बॉडीला जाणाऱ्या अर्थिंगच्या जागा घासून धातू उघडा करा. मंद लाइट आणि दमलेला सेल्फ यांचं मूळ पुष्कळदा इथेच सापडतं.

रंग

इथवर आलात म्हणजे गाडी कागदावर तुमची आहे, भक्कम आहे, थांबते आणि चालते. आता तिला काही महिने प्राइमरमध्ये नव्हे तर जुन्याच रंगात फिरवा. साधा प्राइमर पाणी अडवत नाही. त्याच अवस्थेत पावसाळा गेला तर खालून नवा गंज धरतो. पहिल्या फेऱ्या वर्दळीच्या नगर-मनमाड हायवेवर नकोत. चितळीकडे जाणाऱ्या रस्त्यासारखा कमी गर्दीचा रस्ता सकाळी लवकर पकडा. पाणी, ऑइल, ब्रेक यांची गळती परतल्यावर रोज पाहा. आत्मविश्वास आला की संगमनेरपलीकडच्या चंदनापुरी घाटात गाडी न्या. कूलिंग आणि ब्रेक या दोन्हींची परीक्षा तिथे एकदमच होते. घाट नीट पार झाला, की रंगाऱ्याकडे जा.

रंगाला दिवाळीनंतरचे कोरडे महिने चांगले. पावसाळ्यात जुन्या पद्धतीचा एनसी रंग ओलावा धरून पांढुरका पडतो. रंग पत्र्यापर्यंत खरवडून घ्या, उघड्या पत्र्यावर त्याच दिवशी इपॉक्सी प्राइमर मारा, लांबी जितकी कमी तितकी उत्तम. मूळ रंगाची छटा बॉनेटच्या आतल्या बाजूला किंवा डॅशबोर्डमागे शाबूत सापडते, ती दाखवून रंग जुळवून घ्या. वेगळाच रंग हवा असेल तर आरसीवर तशी नोंद करावी लागते.

सुट्या भागांसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड, मुंबईचा चोर बाजार आणि पुण्याचा जुना बाजार धुंडाळा. टॅक्सी बंद झाल्यापासून पद्मिनीच्या भागांचा साठा आटत चालला आहे. काच, हेडलाइटची रिंग, दाराचे हँडल अशी पुन्हा सहज न बनणारी वस्तू दिसली, की गरज नसली तरी घेऊन ठेवा. बुश, गॅस्केट, पिन हे भाग लेथवर किंवा मागणीप्रमाणे बनवता येतात.

गाडी तयार झाल्यावर ती पंधरवड्यातून एकदा तरी पुरेशी गरम होईल इतकी चालवा, कारण वापरातली रबरं आणि बेअरिंगं उभ्या गाडीपेक्षा जास्त टिकतात. आणि दुरुस्तीच्या वेळी एक गोष्ट आवर्जून करा. कार्ब्युरेटर कानाने जुळवणारे, पॉइंटचं अंतर पत्तीने लावणारे, पत्रा हातोडीने सरळ करणारे मिस्त्री आता साठी-सत्तरीत आहेत आणि त्यांच्या गॅरेजमध्ये शिकायला कुणी येत नाही. तुमच्या गाडीचं काम त्यांना द्या, त्यांचा मोबदला घासाघीस न करता द्या आणि काम चालू असताना गावातला एखादा आयटीआयचा विद्यार्थी त्यांच्या शेजारी उभा करा. त्याच्या शिकण्याचा खर्च दुरुस्तीच्या हिशेबातच धरा. जुने सुटे भाग पैशाने आणता येतील. ते बसवणारे हात पुढच्या पिढीत तयार झाले, तरच तुमच्यानंतरच्या मालकाला ही फियाट चालवता येईल.